ब्रेक माझे शाबूत होते

मी बोलतेय ती पोलीस चौकीच्या मागच्या आवारातून. डावीकडचा पत्रा पार गिअरपर्यंत आत आलाय, त्यामुळे मला बघून कुणी मोटार म्हणणार नाही. पण चार वर्षं मी चंडीगडातल्या एका मराठी घरची पांढरी, लाडकी गाडी होते.

माझे मालक गुरुनाथराव सरकारी कंपनीत अधिकारी, नागपूरहून बदलीवर आलेले. १९९८ साली मला घरी आणलं तेव्हा त्यांच्या पत्नी शैलजाबाईंनी माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मुलगी वल्लरी मागच्या सीटवर उड्या मारत होती. मला ती माणसं फार आवडायची. आता ते सांगायचीही लाज वाटते.

शहरात चौकाचौकात पोलीस, म्हणून गुरुनाथराव सीटचा पट्टा लावायचे. शहराबाहेर झिरकपूर आलं की खटकन काढून टाकायचे आणि हसायचे, "चला, सुटलो!" जणू तो पट्टा पोलिसांच्या छातीसाठी शिवला होता. शैलजाबाई लावायला गेल्या तर म्हणायचे, "राहू दे गं, साडी चुरगळेल."

२००२च्या फेब्रुवारीतला रविवार. डेराबस्सीला एका सहकाऱ्याकडे वास्तुशांत होती. उशीर झाला म्हणून गुरुनाथरावांनी हायवे सोडून शेतातला रस्ता धरला. पुढे रेल्वेचे रूळ आले. तिथे ना फाटक, ना माणूस, नुसती एक पाटी. पाटीपाशी एक ट्रॅक्टर थांबला होता. त्यावरचे म्हातारे सरदारजी हात हलवत ओरडले, "रुको जी, गड्डी आ रही है!"

गुरुनाथरावांनी उलट हॉर्न वाजवला.

"पापा, ट्रेन!" वल्लरी मागून किंचाळली.

"लांब आहे अजून. सहज निघून जाऊ."

त्यांनी मला ट्रॅक्टरच्या बगलेतून पुढे घातलं. मी त्यांचा पाय ब्रेकवर येण्याची वाट बघत होते. तो आलाच नाही.

पॅसेंजर नुकतीच स्टेशनातून सुटली होती, वेग कमी होता, म्हणून तिघं वाचली. इंजिन माझ्या डाव्या दारावर आलं. दार आत गेलं, आणि दाराशी शैलजाबाई होत्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं तो आवाज मी पत्र्याच्या आवाजातही ओळखला. इंजिनानं मला वीस-पंचवीस पावलं फरफटत नेलं. वल्लरीचा हात मोडला, कपाळात काचा घुसल्या. गुरुनाथरावांचा ओठ फाटला. तेवढाच.

गर्दी जमली. सरदारजींनी डोक्याची पगडी सोडली आणि त्या कापडानं शैलजाबाईंचा पाय बांधायला घेतला. त्याच वेळी दुसऱ्या दारातून कुणीतरी माझा टेपरेकॉर्डर उपसत होतं. रक्ताळलेल्या सीटवर गुडघा टेकून! त्या हाताचा स्पर्श आठवला की अजून शिसारी येते.

त्याहून किळसवाणं पुढेच होतं. चौथ्या दिवशी गुरुनाथराव इथे, माझ्यासमोर उभे राहून हवालदाराला म्हणाले, "ब्रेक फेल हो गए जी. आठ दिन पहले ही मिस्त्रीने काम किया था."

मिस्त्री म्हणजे करतारसिंग. माझी नस न् नस जाणणारा माणूस. त्याला रोज चौकीवर बोलावू लागले, गॅरेज बंद पडलं. तो माझ्याजवळ उकिडवा बसून पुटपुटायचा, "मैंने तो पक्के कसे थे." मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण आम्हाला कोण विचारतो?

जूनमध्ये शैलजाबाई आल्या. वॉकरवर, एकेक पाऊल ओढत. मागून गुरुनाथराव.

"बयान देना है," त्या हवालदाराला म्हणाल्या. "ब्रेक ठीक थे. इन्होंने लगाए ही नहीं. ट्रॅक्टरवाला रुका था, हम नहीं रुके."

"अगं, माझी नोकरी जाईल," गुरुनाथराव कुजबुजले.

"आणि त्याचं गॅरेज गेलं ते?"

"घरी बोललो असतो ना आपण."

"रोज बोलत होते. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवत होतात."

करतारसिंगला त्याच दिवशी मोकळं केलं. गुरुनाथरावांवर खटला उभा राहिला. ते बाहेर पडताना माझ्याकडे बघायचंही टाळून गेले.

आता भंगारवाला येईल, माझे तुकडे करील. करू दे. तुमच्याकडून मला दया नको. एवढंच सांगते, रुळापाशी दोन मिनिटं थांबवत नसेल, तर एकटे जा. डाव्या सीटवर कुणाला बसवू नका.