एका बाथरूममागे सहा

बाळ देवस्थळी हा माणूस मुळात वाईट नव्हता. त्याला फक्त सकाळी बाथरूम हवी असायची आणि ती कधी मिळायची नाही. ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरातलं त्याचं भाड्याचं घर तीन बेडरूमचं, पण बाथरूम एकच आणि संडासही त्यातच. तो, बायको अस्मिता आणि मुलगी नीलांबरी एवढेच होते तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग पुण्याहून शकुआत्या राहायला आली. तिच्या पाठोपाठ सुशील आणि सुरुची हे नवं जोडपं 'घर मिळेपर्यंत दोन आठवडे' म्हणून आलं. आता २०१६ साली ऑकलंडमध्ये भाड्याचं घर मिळणं म्हणजे काय, ते ज्याने शोधलंय त्यालाच विचारावं. दोन आठवड्यांचे सहा महिने झाले आणि सुरुचीला दिवसही गेले.

नव्याने आलेल्याला बस्तान बसेपर्यंत ठेवून घ्यायचं, ही तिथल्या आपल्या लोकांची रीत. बाळ स्वतः शिकायला आला तेव्हा असाच कुणाच्या तरी गराजमध्ये वर्षभर राहिला होता. त्यामुळे 'निघा आता' असं तोंडावर म्हणायची सोय नव्हती.

त्यात बाथरूमच्या दाराचं आतलं हँडल निखळलेलं. घरमालकाला कळवलं, तर तो 'स्वीट ॲज', म्हणजे 'झालंच समजा', म्हणाला आणि गायब झाला. मग आतल्याने टकटक करायची आणि बाहेरच्याने दार उघडायचं असं ठरलं. बाहेर कोणी ना कोणी टॉवेल खांद्यावर टाकून उभंच असायचं, म्हणून कोणाचं काही अडलं नाही.

अशातच एकदा पेनरोजच्या ऑफिसात डबा खाताना बाळने उंदरांवरचा एक लेख वाचला आणि त्याला आपल्या दुःखाचं शास्त्रीय कारण सापडलं. शनिवारी जेवणं झाल्यावर त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना सोफ्यावर बसवलं. सोफ्यावर सगळे मावले नाहीत, याचाही त्याला आनंदच झाला.

"एका अमेरिकन शास्त्रज्ञाने उंदरांसाठी स्वर्ग बांधला," बाळने सुरुवात केली. "खायला हीप्स, म्हणजे ढीगभर, प्यायला हीप्स, मांजर नाही. उंदीर वाढले, गर्दी झाली. मग मारामाऱ्या सुरू झाल्या, आया पिल्लांना विसरल्या. काही उंदीर तर कोपऱ्यात बसून नुसतं आपलं अंग चाटत राहिले. शेवटी सगळे मेले."

"पुअर माइस!" नीलांबरी म्हणाली. "डिड दे हॅव नेम्स?"

"शी! जेवण जिरायच्या आत उंदीर?" शकुआत्या करवादली.

"आत्या, हा माणसाच्या लोकसंख्येचा प्रश्न आहे."

"लोकसंख्येचा, की बाथरूमचा?"

बाळने ऐकलं न ऐकल्यासारखं करून पुढचं चित्र लावलं. पण आत्या सोडते थोडीच! "बाळ्या, उंदरांना बोलता येतं का रे? 'मला घाईची लागलीय, मी आधी जाऊ का?' असं विचारलं होतं का एकाने तरी दुसऱ्याला?"

"शिवाय ते कोंडलेले होते," अस्मिता म्हणाली. "माणसं उठून दुसरीकडे जातात. आपण नाही का आलो इथे?"

सुशील इतका वेळ मान खाली घालून बसला होता. "कळलं, बाळदादा," तो म्हणाला. "अवोन्डेलला एक खोली आहे. उद्याच बघून येतो."

अस्मिताने बाळकडे असं पाहिलं, की त्याने मुकाट्याने लॅपटॉप मिटला. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण उद्या सकाळी बाथरूम रिकामी असेल हेही त्याच मनात येऊन गेलं.

रविवारी सुशील-सुरुची ट्रेनने अवोन्डेलला गेले. अस्मिता आत्याला बाजारात मेथी दाखवायला आणि नीलांबरीला तिचे टॉग्स, म्हणजे पोहण्याचे कपडे, घेऊन पोहायला घेऊन गेली. बाळने रिकाम्या घरात बाथरूमचं दार चांगलं धाडकन लावून घेतलं.

काय ते सुख! त्याने दाढी कोरली, नखं कापली, अंगाला तेल चोळून आंघोळ केली. मग कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वजरीने टाचा घासल्या. तृप्त होऊन त्याने दारावर टकटक केली आणि नेहमीच्या सवयीने म्हणाला, "उघडा!"

कोणी उघडलं नाही.

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. खिडकीतून डोकं बाहेर गेलं, पोट जाईना. शेजारी गवत कापत होता. बाळने जिवाच्या आकांताने हात हलवला, तर त्याने मशीनच्या घरघरीत हसून "किया ओरा!" असा नमस्कार केला आणि तो पुन्हा कामाला लागला. बाळ परत स्टुलावर येऊन बसला. करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून त्याने पुन्हा टाचा घासायला घेतल्या. घासता घासता समोरच्या आरशात लक्ष गेलं. कोपऱ्यात बसून अंग घासणारा एक चकचकीत प्राणी त्याच्याकडे बघत होता. बाळच्या हातातून वजरी पडली.

पुढचा दरवाजा वाजला तेव्हा त्याला रडूच यायचं बाकी होतं. "सुशील! उघड रे बाबा!"

पावलं दाराशी येऊन थांबली. "बाळदादा, तुम्हीच आत आहात होय? खोली छान आहे. घेतो म्हणून सांगतोय आता."

"छान कसली?" मागून सुरुचीचा आवाज आला. "भिंतभर बुरशी आहे."

"त्या ओलीत तान्हं मूल ठेवणार तुम्ही?" बाळ आतून ओरडला. "काही घ्यायची नाही. चांगलं घर मिळेपर्यंत इथेच राहायचं. चुकलं माझं."

"आणि ते उंदीर?" सुशीलने विचारलं.

"त्यांना बाहेरून दार उघडणारं कोणी नव्हतं रे!"

"बाळदादा," सुरुची काकुळतीने म्हणाली, "ते नंतर बोला. आधी बाहेर या, मला जायचंय."

दार उघडलं, बाळ बाहेर आला आणि सुरुची झटकन आत शिरली. सुशील चहा टाकायला गेला.

थोड्या वेळाने शकुआत्या मेथीच्या जुड्या घेऊन आली. बघते तर भाचा टॉवेल गुंडाळून बाथरूमच्या दाराशी हँडल धरून उभा. "काय रे बाळ्या, अजून तुझा नंबर नाही लागला?"

"माझं झालंय," बाळ म्हणाला. आतून टकटक झाली तसं त्याने दार उघडलं.