कांद्याच्या आतली वाहतूक

"एमेस्सी झाली, बंगलोरला दोन वर्षं राहून आली, आणि बसलीय कांदा सोलत," विमलवहिनी माझ्या कानाशी पुटपुटली. "हे तर तिला मी तिसरीतच शिकवलं होतं."

पंच्याऐंशीचा जानेवारी, रविवार सकाळ. आमच्या घराच्या ओट्यावर ऊन नुकतं आलं होतं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुते आणि उरल्या वेळात तिथलीच पुस्तकं वाचते. त्या ओळखीवर हेडमास्तरांनी सूक्ष्मदर्शक एका दिवसापुरता घरी नेऊ दिला होता.

वहिनीची मुलगी, माझी भाची शीला पेशीच्या आत मालाची ने-आण कशी होते, ते शोधत होती. त्यासाठी तिला बंगलोरला अजून तीन वर्षं हवी होती. नांदगावच्या स्थळाची एकच अट होती: ते सगळं सोडून मुलीनं इकडं शाळेत नोकरी धरावी. मुलगा चांगला, माणसं आपली. आठवडाभर त्यांचं पत्र कपाटावर पडून होतं, आणि आम्ही चौघं ते सोडून नळाच्या पाण्यावर बोलत होतो.

शीलानं कांद्याचा आतला पापुद्रा काचेवर ठेवला. तिचा बाप, माझा निवृत्तीदादा, आधी वाकला. तो एस.टी.त कंट्रोलर, स्टँडवरून गाड्या सोडणारा.

"विटांची भिंत दिसतेय. हलत तर काही नाही."

शीलाचा चेहरा उतरला.

"गारठला असेल," वहिनी म्हणाली. "उन्हात धर जरा. थंडीत माणसं तरी कुठं हलतात?"

शीलानं काच उन्हात धरली, मग पुन्हा लावली. दादा वाकला तो वाकलेलाच राहिला.

"सुटल्या गाड्या," तो हळूच म्हणाला. "एकामागं एक. बारीक दाणे आहेत. यांचा कंट्रोलर कुठं बसतो?"

"कुणी नाही, बाबा. आत धागे असतात. त्यांच्यावरून दाणे ओढत नेणारी इवली यंत्रं असतात. त्यांची ठेवण कशी, पाऊल कसं पडतं, ते मी शोधतेय."

"कंट्रोलर नाही, तरी वाहतूक चालू. आमची येवल्याची साडेनऊची अकराला हलते, दोन कंट्रोलर असून."

वहिनी हसली आणि त्याला सरकवून स्वतः बसली. मग उठेचना.

"हा जाडा कुठं चाललाय गं? मध्येच थांबला बघ. निघाला परत. का थांबला?"

"माहीत नाही, आई. अजून कुणालाच नीट माहीत नाही."

"मग शोधणार कोण?"

शीलानं घरातल्या कपाटाकडं पाहिलं. दादानं घसा साफ केला. मी उगाच दुसरी काच पुसायला घेतली.

वहिनीनं डोळा काढलाच नाही. तशीच वाकून म्हणाली, "नांदगावला आजच कार्ड टाका. हे लग्न आम्हाला करायचं नाही म्हणावं."