मुंगी चावल्याएवढंच

आपल्या दातांच्या डॉक्टरला बोलता येत नाही, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. माणूस खुर्चीत आडवा झाला की याची टकळी सुरू. राजकारण, टोमॅटोचे भाव, शेजाऱ्याचा कुत्रा, काही सोडायचा नाही. समोरच्याच्या तोंडात कापूस, आरसा आणि याची दोन बोटं. वाद घालणार कोण? आपल्या वक्तृत्वाचं गुपित एवढंच आहे, हे त्याला एकट्याला पक्कं ठाऊक होतं. तोंड मिटलेली चार माणसं समोर आली की याची दातखीळ बसायची. दातांच्या डॉक्टरची! स्वतःच्या लग्नात "दोन शब्द बोला" म्हटल्यावर "जेवून घ्या" एवढे दोनच शब्द निघाले होते, आणि तेही जेवून हात पुसणाऱ्यांना.

पण आज सुटका नव्हती. एकतीस वर्षं दवाखाना सांभाळलेली थोरली बहीण उद्या लेकीकडे राहायला चालली होती, कायमची. तिच्या निरोपाला दवाखान्याखालच्या हॉलमध्ये साठेक पेशंट जमले होते. इतक्या वर्षांत तिला एकदाही 'तू होतीस म्हणून' असं म्हटलं नव्हतं बेट्यानं. आज राहिलं तर राहिलंच, हे त्याला कळत होतं.

माइकसमोर उभा राहिला आणि कागद उघडला. चार दिवस खपून लिहिलेलं भाषण हातातल्या घामानं पार पुसून गेलं होतं. एकतीस वर्षं आपण लोकांना 'घाबरू नका, मुंगी चावल्याएवढंच' सांगत आलो. केवढे थापाडे आहोत आपण, असं त्याच्या मनात आलं. काहीतरी बोलणं भागच होतं. सवयीनं तोंडातून निघून गेलं,

"आ करा."

आणि निम्म्या हॉलनं खरंच आ केला. शिस्तीचे पेशंट! मग जी खसखस पिकली ती थांबेचना. डॉक्टरची कानशिलं तापली. पण नजर वर गेली, तर पहिल्या रांगेत त्यानंच भरलेल्या दाढा, पलीकडे त्यानंच बसवलेली कवळी. ही तर सगळी आपलीच तोंडं, यांना काय घाबरायचं?

कागद खिशात गेला.

"दाढ मी काढली," तो म्हणाला, "पण तुमचा हात कुणी धरला होता? ताईनं. पहिल्या वर्षी तर माझाच हात इतका थरथरायचा, की ताई माझ्या कोपराला खालून हात लावून उभी राहायची. तुम्हाला वाटायचं, ती बॅटरी धरतेय..."

पुढे आवाज फुटेना. मुख्य वाक्य तर अजून राहिलंच होतं. झालं, पुन्हा माती खाल्ली, असं मनाशी म्हणत तो खाली बसणार, तोच कोपराला खालून ओळखीचा हात लागला.

"बोल रे," ताई हळूच म्हणाली. "मुंगी चावल्याएवढंच."

"तू होतीस म्हणून," तो म्हणाला, आणि वाक्य पुरं होईपर्यंत तिनं हात काढला नाही.