ढेमशाच्या आठ पुड्या

पुनमनं पुड्या बांधल्या त्या थेट दवाखान्यातल्या कंपाउंडरसारख्या. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे आठ तुकडे, प्रत्येकात माशांच्या खाण्याचे मोजून बारा दाणे, आणि वर पेनानं लिहिलेलं : गुरुवार संध्याकाळ, शुक्रवार सकाळ, शुक्रवार संध्याकाळ... असं थेट सोमवार सकाळपर्यंत. सोमवारची पुडी खरं तर लागणार नव्हती, कारण रविवारी ती परत येणार होती. पण एस.टी.चा काय भरवसा? खाण्याचा डबा मात्र तिनं कपाटात घालून कुलूप लावलं. डबा बाहेर राहिला तर शेजारच्या नर्मदाबाई माशांना आग्रह करकरून वाढतील आणि टाकीतलं पाणी नासेल, ही धास्ती.

धास्ती अगदीच उगीच नव्हती. नर्मदाबाईंच्या घरी पाणी प्यायला गेलेलं माणूस जेवूनच बाहेर पडायचं.

"एवढुसं?" नर्मदाबाईंनी पुडी तळहातावर तोलून पाहिली. "अगं, मुंगीच्या बारशाला बी पुरायचं न्हाई हे."

"मावशी, माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. जास्त घातलं तर मरतो तो."

"बरं बाई, तू शिकलेली. बराबर टायमाला घालते. तू बिनघोर जाय." नर्मदाबाईंनी घराची दुसरी किल्ली कनवटीला खोचली.

बिनघोर आणि पुनम! गॅसचं बटण तिनं तीनदा पाहिलं, दाराचं कुलूप ओढून पाहिलं, रिक्षात बसल्यावर नवऱ्याला, सोमेश्वरला, परत पाठवून तेच कुलूप पुन्हा ओढायला लावलं.

"अगं, मासा आहे तो," सोमेश्वर म्हणाला. "चार दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही."

"त्याला नाही होत. याला होतं." तिनं मांडीवरच्या रुद्रकडं बोट केलं.

ते मात्र खरं होतं. चार वर्षांचा रुद्र जेवायचाच नाही. घास गालात धरून तासभर बसायचा, ताटात कोथिंबिरीचं पान दिसलं तरी तोंड फिरवायचा. दिवाळीत सोमेश्वरनं काचेची टाकी आणली, त्यात दोन गोल्डफिश. गोलमटोल होता तो ढेमसा, बारकी ती टिकली. तेव्हापासून एक दाणा ढेमशाला, एक घास रुद्रला, असं जेवण सुरू झालं. दोन महिन्यांत नऊशे ग्रॅम वजन वाढलं. हिरवं अजून वर्ज्यच होतं, पण ते नऊशे ग्रॅम पुनम घरात आल्या-गेल्याला सांगायची. म्हणूनच तिनं ठरवून ठेवलं होतं, की माहेरी रुद्र जेवायला बसला की नर्मदाबाईंनी व्हिडिओ कॉल उचलायचा आणि फोन टाकीसमोर धरायचा.

लग्न चुलत बहिणीचं, कोमलचं. माहेर वारंगा फाट्याजवळ. गुरुवारी संध्याकाळी फोन लागला. ढेमसा दिसला, टिकली दिसली. रुद्रनं अर्धी वाटी वरणभात खाल्ला.

"घातली का पुडी, मावशी?"

"जेवले गं माय, दोघं बी."

पुनमला हे उत्तर जरा खटकलं. विचारलं पुडीचं, सांगितलं जेवणाचं. पण हळदीची गडबड होती.

शुक्रवारी दुपारी लग्न लागलं. संध्याकाळी फोन केला तर पडद्यावर नर्मदाबाईंचं कपाळ, मग गळ्यातली तुळशीची माळ, मग छताचा पंखा.

"मावशी, ढेमसा दाखवा ना."

"झोपला गं तो."

"सात वाजता?"

"दमला आसंल."

रुद्रनं ओठ घट्ट मिटले. वरणभात परत गेला, शेवया परत गेल्या, लग्नाची बुंदीसुद्धा परत गेली. पोरगं एका दाण्याला शिवलं नाही. पुनमच्या डोळ्यांसमोर ढेमसा पोट वर करून तरंगायला लागला आणि ते नऊशे ग्रॅम एकेक करून उतरायला लागले.

शनिवारी पहाटे तिनं पिशवी भरली. तिची आई पारुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हैस व्यायला आली म्हणून माणसं लग्नातून उठतेत, हे मी पाहिलं. माशापायी उठणारी तूच!"

सोमेश्वरला पाहुण्यांत सोडून, रुद्रला घेऊन ती पहिल्या गाडीनं हिंगोलीला घरी आली. कुलूप काढलं. टाकी रिकामी होती. धुऊन, पुसून, कोरडी ठणठणीत. कपाटाशेजारच्या फळीवर आठ पुड्या ओळीनं ठेवलेल्या. सात जशाच्या तशा. 'गुरुवार संध्याकाळ' तेवढी उघडून परत दोऱ्यानं बांधलेली.

"आई, ढेमसा कुठंय?"

पुनमनं मोरीतली बादली वाकून पाहिली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"खा रे माझ्या राजा. काहून आसं करून राहिला? टिकलीनं बघ कसं गपकन खाल्लं!"

पुनम रुद्रला काखेत मारून धावली. नर्मदाबाईंच्या अंगणात रुद्रचा तान्हेपणीचा अंघोळीचा टब, मांजर येऊ नये म्हणून वर अर्धी दुरडी झाकलेली, शेजारी पाटावर नर्मदाबाई. टबात ढेमसा आणि टिकली ऐटीत फिरत होते.

"अगं माय! तू तं उद्या येणार व्हतीस न!"

"मावशी, पुड्या तशाच आहेत."

नर्मदाबाईंचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला. "पुडी सोडली आन् वास आला. बाजारात सुकट इकतेत, तोच वास. मी माळकरी बाई, पुनम. माझ्या हातानं ते कसं उचलू?"

पुनमला कपाटातला डबा आठवला. त्यावर हे एवढं मोठं लाल झिंग्याचं चित्र होतं. डबा समोर असता तर नर्मदाबाईंनी पहिल्याच दिवशी हात जोडले असते. तोच तिनं कुलूपबंद केला होता. आणि ती माळ? तीन वर्षं ती रोज पाहत होती.

"मग फोनवर काहून सांगितलं न्हाई?" घाईत तिच्या तोंडून कॉलेजच्या आधीची भाषा निघाली.

"लग्नघरात कसं सांगू? शब्द दिला व्हता मी. आन् जिम्म्याचं जनावर उपाशी ठिवून मला घास उतरतो व्हय? आधी भाकर कुस्करून टाकली. पाणी दुधावानी झालं. तुला दाखवलं आसतं तं तिकडूनच बोंबलली आसतीस. मंग बोअरच्या पाण्यात ह्यान्ला इथं घेतलं, टाकी धुतली. काल भाजीसाठी वाटाणे उकडले, म्हटलं बघावं एक चेपून. तं हा ढेमसा! तोंड उघडून वरच आला."

त्यांनी वाटीतला वाटाणा उचलला, साल काढली, बोटानं चेपून अर्धा पाण्यात टाकला. ढेमशानं गट्टम केला.

रुद्र टबाशी उकिडवा बसला होता. त्यानं ढेमशाकडं पाहिलं, मग वाटीकडं.

"आज्जी, मला पण."

चांगलं असतं, ताकद येते, डॉक्टरकाका शाबास म्हणतील, यातलं एक अक्षर पुनम बोलली नाही. रुद्रनं वाटाणा तोंडात टाकला. चावला. गिळला.

"साल काढून दे. ढेमशासारखा."

अर्धा ढेमशाला, एक रुद्रला. पुनम मनात मोजत होती. अकराव्या वाटाण्याला तिनं पाटाचा कोपरा पकडून बसकण मारली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "मासे मेथी खातात का हो?"

"दोडक्यापासून सुरू करू. मेथीला माणसं बी तोंड वाकडं करतेत."

नर्मदाबाईंचा हात पुन्हा वाटीकडं गेला, तशी पुनम सवयीनं ओरडली, "बस, मावशी! ढेमशाला जास्त होईल!"

"ढेमशाचं झालं कवाच. मी लेकराला घालून राहिले."

"मग घाला," पुनम म्हणाली.