ताण्याची तार

परीक्षकांनी दीप्तीला नापास केलं ते एका पुंकेसरापायी. शंकासुराच्या फुलातले दहाच्या दहा सुटे करून कागदावर मांडायचे होते. एक तुटला, तिनं दुसऱ्या फुलातला उचलून लावला आणि पकडली गेली. उद्या फेरपरीक्षा होती. त्यातही गेली, तर कॉलेज बंद आणि साड्यांना खडे चिकटवायला बसायचं, असं तिच्या वडिलांनी, सुकदेवनं, ठरवून टाकलं होतं. ठेकेदाराला शब्दही दिला होता. मुलीला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

दुपारी सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या खोलीत ती फुलं घेऊन बसली. खाटेवर आजोबा श्रीपत. चाळीस वर्षं माग चालवून त्यांचे कान अर्धे गेले होते. उरलेल्या अर्ध्यात ते सोयीचं तेवढं ऐकत.

"आबा, पुंकेसराला इंग्रजीत स्टेमेन म्हणतात."

"म्हणू दे. फुलातलं मला हारापुरतं कळतं."

"मूळ लॅटिन शब्द आहे. जुन्या उभ्या मागावरचा ताण्याचा धागा, तो स्टेमेन. देवता माणसाच्या आयुष्याचा धागा कातायच्या, त्यालाही तेच नाव. आणि त्याचंच अनेकवचन स्टॅमिना."

"बरोबर आहे. एकट्या तारेत कुठला आलाय दम?"

पण श्रीपत उठले. मोरीवर जाऊन हात धुतले, पंच्यानं कोरडे केले. मागाला हात लावण्याआधी ते असंच करत. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच केलं.

"आण इकडं. हे तर आमच्या खात्यातलं निघालं."

पुंकेसर डोक्याकडून ओढायचा नाही, बुडाशी धरायचा. ओढताना श्वास सोडायचा नाही. त्यांनी तीन काढून दाखवले. चौथा दीप्तीनं घेतला. तुटला. तिचा हात आपसूक दुसऱ्या फुलाकडे गेला.

"थांब," श्रीपत म्हणाले. "एकदा माझी तार तुटली आणि मी माग थांबवला नाही. पाळी सुटायला आली होती, घाई होती. ताका उलगडला तर या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी रेघ. मालक ओरडला नाही गं. ओरडला असता तर बरं होतं. त्यानं तो ताका माझं नाव लिहून आठ दिवस दारात टांगला. येता-जाता लोक हात लावून बघायचे."

"मग?"

"मग काय. तार तुटली की माग बंद, आणि सांगून टाकायचं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीप्ती आली तेव्हा सुकदेव पाळीवरून येऊन चहा पीत होता. तिनं चप्पल काढली आणि सरळ आजोबांपाशी बसली.

"सातवा तुटला, आबा. मी हात खाली ठेवले. सरांना सांगितलं, माझ्या हातून तुटलाय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुटलेला तसाच मांड. खाली तसं लिही."

"आणि?"

"पास. काठावर."

सुकदेवनं बशी खाली ठेवली. फोन उचलून बाहेर गॅलरीत गेला. ठेकेदाराशी गुजरातीत बोलताना त्याचा आवाज मुद्दाम चढा होता, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असा: "नहीं आवे. छोकरी भणे छे. फूलनुं भणे छे." मुलगी येणार नाही, ती फुलांचं शिकतेय, असं त्यानं सांगून टाकलं.

आत येऊन तो भिंतीला टेकून बसला. दीप्तीच्या कालच्या सरावाच्या कागदावरच्या लाल धाग्यांकडे त्यानं जरा वेळ पाहिलं. हात मात्र लावला नाही. आधी मोरीवर गेला.

"यात कुठली तार कशी धरायची, मलाही दाखव," तो हात पुसत म्हणाला.

श्रीपत खाटेवर थोडे सरकले आणि त्याला जागा करून दिली.