थापाडी आत्या

आमच्या घरात सिनेमा कुणी गप्प बसून पाहत नाही. पडद्यावरच्या माणसांना सल्ले देणं हा आमचा खानदानी उद्योग. आई नायिकेला नवरा निवडून देते, मी पोलिसांना चोराचा पत्ता सांगते, आणि आत्या गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं शिवता शिवता शेवट आधीच सांगून टाकते. तो हमखास चुकतो. मग बाबा ओरडतात, "थापाडे, गप्प बस ना!" आत्या खरं तर बाबांची मोठी बहीण, पण त्यांनी तिला ताई म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. सगळ्या गोतावळ्यात तिचं नाव थापाडी, आणि तीही त्या नावाला ओ देते.

परवा रविवारी दुपारी मी हौसेनं एक सिनेमा लावला. कौटुंबिक आहे, एवढंच वाचलं होतं. निघाला भलताच! हसतंखेळतं घर, आणि घरातल्या लहान मुलीच्या वाटेला जाणारा तिचा मामा. दाखवलं काहीच नाही, नुसतं एक दार आतून बंद झालं. मी रिमोट शोधू लागले, तर बाबा त्यावरच ठाण मांडून बसलेले. तेवढ्यात आईची सल्ल्यांची गाडी सुरू झाली.

"अगं, सांग ना आईला!"

"सांग, घाबरू नकोस!" बाबाही पुढे सरसावले. "आई आहे ती तुझी, ऐकेल की!"

"मी सांगितलं होतं," आत्या म्हणाली.

बाबा हसले. "घ्या! आता ही सिनेमात घुसली. थापाडे, तू..." आणि मध्येच थांबले. आत्याची सुई बटणात तशीच अडकली होती.

"आपल्या मामाचं सांगितलं होतं रे. आई म्हणाली, थापा मारतेस. मामानं तेच हसत हसत सगळ्यांना सांगितलं आणि मला नाव पडलं. तू तेव्हा नुकता बोलायला लागला होतास. 'ताई'च्या आधी तेच शिकलास."

मला असा संताप आला की काय सांगू! आजी गेली, तो मामाही गेला, भांडायचं तरी कुणाशी? आई उठून आत्याला बिलगून बसली.

बाबांनी खालून रिमोट ओढला आणि टीव्ही बंद केला. वीज गेल्याशिवाय आमच्याकडे सिनेमा अर्धवट राहत नाही. मग ते खुर्ची सरकवत आत्याच्या समोर येऊन बसले.

"ताई," ते म्हणाले. जीभ चांगलीच अडखळली. "खरं आहे तुझं. सांग, मी ऐकतोय."

आत्यानं डोळे पुसले, सुई शर्टात खोचून ठेवली. "सांगते. पण मध्ये मध्ये सल्ले द्यायचे नाहीत हं!"

आणि आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी मध्ये बोललं नाही.