माहेर आत आहे

"अंधा राजा कौन? आपका मन!" नरहर सबनीसांनी स्वतःच्या छातीवर थाप मारली. सतरंजीवर बसलेल्या, वृंदावन योजना या उत्तरेतल्या वसाहतीतल्या दहा-बारा निवृत्त गृहस्थांच्या माना डोलल्या.

सबनीसांनी रेल्वेत जन्मभर सिग्नलची कामं केली. निवृत्तीनंतर त्यांना सिग्नल आतून येऊ लागले. पोथीतलं युद्ध देहात, वनवास श्वासात, नदी पाठीच्या कण्यात. बाहेर काही उरलंच नाही. जे उरलं, म्हणजे गॅस, दूध आणि नळवाला, ते सुनीतीवहिनींकडे होतं.

त्या स्वयंपाकघरात आलं ठेचत होत्या. मिरजेला त्यांच्या आईने अंथरूण धरलं होतं. महिनाभर नवऱ्याच्या मागे लागून झालं होतं.

"एकदा आईकडे घेऊन चला हो."

"अगं, माहेर म्हणजे काय? आत्म्याचं मूळ ठिकाण. डोळे मीट, पोचलीस."

"आईचे डोळे मिटायच्या आत पोचायचंय मला."

"शब्दात अडकतेस तू," ते खुशीत म्हणाले आणि मागच्या रविवारी "मैका भीतर है" यावर तासभर बोलले. पुढ्यात बसणाऱ्या मिश्राजींचे डोळे पाणावले. एकटीने गाड्या बदलत जायची वहिनींना धास्ती, आणि नवऱ्याचा प्रवचनाचा रविवार तर दर आठवड्याला येत होता.

"संसार तो भ्रम है!" बाहेरून आवाज आला. हिंदीत संसार म्हणजे जग, हे वहिनींना ठाऊक होतं. पण कानाचं वळण मिरजेचंच. दर वेळी वाटायचं, हे चारचौघांत आपल्याच संसाराबद्दल बोलतायत.

फोन वाजला. धाकटा भाऊ, पंढरीनाथ.

"अक्का, आई गेली गं. आत्ताच. सकाळपासून तुझंच नाव घेत होती."

वहिनींनी दारात येऊन सांगितलं. सबनीसांनी डोळे मिटले.

"मित्रों, माँ कहीं गई नहीं. भीतर लौटी हैं. सुनीती, आत बघ. काय दिसतंय?"

"वाह," मिश्राजी पुटपुटले. सगळ्यांनी डोळे मिटले.

वहिनी न्हाणीघरात गेल्या. डोक्यावरून दोन बादल्या पाणी ओतून ओल्या केसांनी बाहेर आल्या.

"मिश्रा भाईसाहब, घर में सूतक लग गया है. चाय-पानी नहीं चलेगा."

सगळे डोळे एकदम उघडले.

"अरे राम! भाभीजी, पहले बताना था न!"

"परसों पोते का मुंडन है हमारे यहाँ."

"दरी मत छुओ यार, निकलो!"

देहाच्या पलीकडे गेलेली मंडळी सतरंजीवरून उठून दारात एकमेकांच्या चपला घालून पसार झाली.

सबनीस रिकाम्या सतरंजीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवस असतं ना गं?"

"हो."

"म्हणजे पुढचा रविवार सुतकातून मोकळा आहे." मग ते म्हणाले, "चहा झालाय ना? आपल्याला चालतो."

वहिनींनी कप भरून त्यांच्यापुढे ठेवला. मग फोन लावला.

"पंढरी, मी येईपर्यंत थांबता येईल?"

"नाही गं अक्का. माणसं जमलीत. संध्याकाळच्या आत न्यावं लागेल."

"बरं. फोन जरा आईच्या कानाशी धर."

तिकडे कुणीतरी हुंदके देत होतं, तो आवाज जवळ आला. वहिनींनी पदराने केसांचं पाणी टिपलं, घसा खाकरला.

"आई," त्या म्हणाल्या, "निघाले हं मी."